रोजा पूर्ण होतो, पण नमाजेत मन लागत नाही

अस्सलामु अलैकुम बेटा. वयाने तू माझ्या थोरल्या लेकीएवढी असशील, म्हणून ‘तू’च म्हणते.

तुझा प्रश्न मला कळला तो असा. लग्नाला दोन वर्षं झाली, पुण्यात नोकरी आहे. माहेर कोकणातलं म्हणजे शाफई, सासर हनफी, म्हणजे नमाज-रोज्याचे नियम सांगणाऱ्या दोन वेगळ्या परंपरा. रोजे सगळे होतात, पाच वेळची नमाजही होते. पण नियत बांधली की डोक्यात सुरू होतं: भज्यांचं पीठ भिजवलंय का, उद्याची मीटिंग कितीला आहे. तरावीहमध्ये, रमजानच्या रात्रीच्या त्या लांब नमाजेत, डुलक्या येतात. सासूबाई दुआला हात उचलतात तशा रडायला लागतात, तुझ्या डोळ्यांत टिपूस येत नाही. म्हणून तू विचारतेस की माझा रोजा नुसता उपास होतोय का, आणि मन नसताना मुसल्यावर, नमाजेच्या चटईवर, उभं राहणं म्हणजे दिखावा का.

मी खाडीकाठच्या आमच्या गावात गेली 26 वर्षं मुलींना आणि बायकांना कुरआन शिकवते. आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही; फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण रमजानमध्ये जुहरनंतर, दुपारच्या नमाजेनंतर, माझ्या ओटीवर पंधरा-वीस बायका जमतात. त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न तुझाच असतो, फक्त त्या तो मोठ्याने विचारत नाहीत.

आधी दिखाव्याचं बोलते, कारण तेच तुला जास्त खातंय. दिखावा म्हणजे लोकांनी बघावं म्हणून केलेलं काम. तू ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुठल्याशा रिकाम्या खोलीत कोपरा शोधून नमाज पढतेस. तिथे तुला कोण बघतंय? सकाळी तोंड धुताना चूळ भरतेस, एक घोट घशाखाली गेला तर कुणाला कळणार? तरी तू पाणी थुंकतेस. रोजा अशी इबादत, अशी उपासना आहे की ती मोडली तरी जगाला पत्ता लागत नाही. म्हणून तर हदीसमध्ये, पैगंबरांच्या सांगण्यात, अल्लाहचं म्हणणं आलंय की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. त्या न गिळलेल्या घोटातच तुझा खरेपणा आहे. डोळ्यांतल्या पाण्यावर तो मोजू नकोस.

फुजैल बिन इयाज नावाचे एक बुजुर्ग साधारण बाराशे वर्षांपूर्वी होऊन गेले. आधी वाटमारी करायचे, मग तौबा केली, असं सांगतात. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा, की लोकांसाठी चांगलं काम करणं वाईटच, पण लोक काय म्हणतील म्हणून ते सोडून देणं हाही दिखावाच. हे मी ओटीवर दरवर्षी सांगते. कारण ‘मन नाही तर पढून काय उपयोग’ असं म्हणत म्हणत नमाज सोडलेल्या चार तरी मुली मी पाहिल्यात. नमाज सोडल्यावर मन लागायला लागलं असं मात्र एकीचंही झालं नाही.

रडण्याचं म्हणशील तर तो ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग आहे. माझी आई दुआत ढसाढसा रडायची. माझी खाला आयुष्यभर कोरडी राहिली. पण शेजारणीचं दुखणं-खुपणं, विधवांचे दाखले, पोरांच्या फिया सगळं तीच बघायची. दोघींमधली कोण जवळची हे मी ठरवू शकत नाही. तूही तुझ्या सासूबाईंच्या आसवांशी स्वतःला लावून बघू नकोस. त्यांच्या पदरात तीस-पस्तीस वर्षांचं काय काय साठलं असेल, ते तुला कुठे माहीत आहे?

आता मन लागण्याचं. इथे मला थोडं रागावायचंय, कारण ही गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या हातात असते आणि आपण ती करत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकटीने गंमत म्हणून माझ्या असरच्या, दुपार उतरतानाच्या, नमाजेला मोबाइलवर वेळ लावली. चार फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकात (नमाजेची आवर्तनं), तीन मिनिटांच्या आत. मी बायकांना नमाज शिकवणारी! तिने काही म्हटलं नाही, फक्त आकडा दाखवला. त्या रात्री मला ती हदीस आठवली. मस्जिदीत एक माणूस येऊन भराभर नमाज पढला. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम त्याला म्हणाले, परत जा आणि पढ, तू नमाज पढलाच नाहीस. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, शिकवा. तेव्हा त्याला जे शिकवलं त्यात ‘मनात अमुक भावना आण’ असं काही नव्हतं. रुकूत जा, म्हणजे कमरेतून वाक, आणि अंग स्थिर होऊ दे, उठ आणि सरळ उभा राहा, सजद्यात जा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकव, आणि स्थिर हो. आधी शरीर थांबवायला सांगितलं.

मी तेच करून पाहिलं. मन थांबवायला गेलं की ते जास्तच पळतं, हे तुलाही माहीत आहे. पण गुडघ्यांवर हात नीट टेकवून, पाठ सपाट करून, ‘सुब्हान रब्बियल अजीम’ तीनदा सावकाश म्हणणं, एवढं तर कुणालाही जमतं. बसल्यावर दोन सजद्यांच्या मध्ये हाडं जागेवर येईपर्यंत थांबायचं. पहिले आठ दिवस याने काहीही झालं नाही, उलट कंटाळाच आला. मग एक दिवस मगरिबच्या, सूर्यास्तानंतरच्या, नमाजेत लक्षात आलं की फोडणीचा विचार आला आणि गेला, आणि मी तिथेच होते.

दुसरं, फातिहा, म्हणजे दर रकातीत पढायची कुरआनची पहिली सूरह, पहिला अध्याय. आपण ती लहानपणी पाठ केली. म्हणून ती जिभेवरून पागोळीसारखी गळते आणि आपण भलतीकडे असतो. एक हदीस-ए-कुदसी आहे: अल्लाह म्हणतो, मी ही नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी-अर्धी वाटली. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो, तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. एकेका आयतीला असं उत्तर आहे. पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा रजियल्लाहु अन्हा सांगतात की पैगंबर एकेक आयत तोडून, थांबून पढायचे. मी मुलींना सांगते, आयत संपली की एक श्वास थांबा, पलीकडचा बोलतोय असं समजा. ‘इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन’, म्हणजे आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो, इथे तर मुद्दाम थांब. ज्या दिवशी जे अडलेलं असेल, ते त्या ‘मदत’ शब्दाशी आपोआप येऊन बसतं. अर्थ येत नसेल तर आधी फातिहा, तशाहुद (बैठकीत पढतो ते) आणि नेहमी पढतेस त्या तीन-चार छोट्या सूरांचा अर्थ मराठीतून पाठ कर. सगळा कुरआन एका रमजानात समजून घ्यायला निघू नकोस, दहाव्या रोज्याला थकशील.

तिसरं थोडं नाजूक आहे. नमाजेच्या आत आपलं अरबीच ठेव, हनफी-शाफई दोन्हीकडे तेच शिकवतात. पण सलाम फेरून नमाज संपवल्यावरची दुआ मराठीत कर. आपण तिथेही पाठ केलेलं अरबी-उर्दू म्हणतो आणि हात तोंडावरून फिरवून उठतो. माझी आई घरच्या बोलीत मागायची. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की म्हणायची, ‘या अल्ला, पोरांच्या ताटात भाकर कमी पडू देऊ नको.’ आत ज्या भाषेत रडू येतं त्याच भाषेत मागावं. तू मीटिंगला घाबरतेस ना, मग मीटिंगचं माग. रोज्यांचा हुकूम सांगणाऱ्या आयती सूरह बकरामध्ये 183 पासून 187 पर्यंत आहेत. त्यांच्या मधोमध, 186 ला, रोज्याचा एकही नियम नाही. तिथे एवढंच आहे की माझे बंदे माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो. रोज्याच्या हुकुमांच्या मध्येच ही आयत ठेवलीय, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

आता सगळ्यात खरी अडचण, स्वयंपाकघर. इफ्तारच्या आधीची वेळ दुआ कबूल होण्याची म्हणतात, आणि त्या वेळी आपण कुठे असतो? कढईसमोर. सव्वासहाला पुरुष खजूर घेऊन दस्तरखानावर बसलेले, कुणी तस्बीह ओढतंय, आणि आपण कपाळावरचा घाम दंडाला पुसत शेवटचा घाणा काढतोय. अजान होते तेव्हा हाताला बेसन असतं. मी वीस वर्षं अशीच अजान ऐकली. नंतर नियम केला: अजानच्या आधी दहा मिनिटं गॅस बंद. जे तळून झालं ते झालं, राहिलं ते राहिलं. पहिल्या दिवशी दिरांनी विचारलं, आज भजी कमी का? मी म्हटलं, आज दुआ जास्त आहे. ते हसले, विषय संपला. कोकम सरबत दुपारीच करून ठेवायचं, फळं कापणं घरातल्या पुरुषांकडे द्यायचं. पैगंबरांच्या पत्नी आयशा रजियल्लाहु अन्हांना विचारलं होतं की पैगंबर घरात काय करायचे, तर त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजेची वेळ झाली की नमाजेला जायचे. तुझ्या नवऱ्याला हे आवडीने सांग.

इफ्तारची एक दुआ मला फार जवळची वाटते. तिचा अर्थ असा: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या, आणि अल्लाहने चाहलं तर मोबदला पक्का झाला. शिरा ओल्या झाल्या! मी पहिला रोजा 1986 च्या मे महिन्यात धरला, वय वर्षं नऊ. त्या संध्याकाळी पाणी उतरताना छातीच्या आत कुठून कुठे गेलं ते कळलं होतं. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान मागे मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2019 ला तो पुन्हा मेमध्ये आला तेव्हा मी तोच घोट शोधत होते. तुला सध्या थंडी सरतानाचे, सोपे रोजे मिळतायत. तर एवढंच कर, पहिल्या घोटाला मोबाइल हातात नको. ताटाचा फोटो काढून होईपर्यंत तो घोट निघून गेलेला असतो.

तरावीहबद्दल एक गैरसमज काढून टाक. तरावीह सुन्नत आहे, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजाची, सक्तीची नव्हे; रोजा फर्ज आहे. तरावीह राहिली म्हणून रोजा तुटत नाही. दिवसभर नोकरी, मग स्वयंपाक, भांडी, आणि पहाटे साडेचारला सहरीला उठायचं, एवढं करून वीस रकातींत डुलकी आली तर तो गुन्हा कसला? मस्जिदीत दोन खांबांना बांधलेली एक दोरी पैगंबरांनी पाहिली. विचारलं, ही कशाला? कळलं की त्यांच्या पत्नी, उम्मुल मोमिनीन जैनब, नमाजेत थकल्या की ती दोरी धरतात. पैगंबरांनी ती सोडायला लावली आणि सांगितलं, अंगात तरतरी आहे तोवर पढा, थकलात तर बसा. आणखी एके ठिकाणी आलंय की झोप अनावर झाली तर झोपून घ्या, नाहीतर माफी मागायला जाल आणि गुंगीत स्वतःलाच शाप द्याल. सासरी जमातीने पढत असाल तर थकल्यावर बसून पढ, नफल (ऐच्छिक) आणि सुन्नत नमाजेला ती मुभा आहे. घरी एकटी असलीस तर कमी पढ पण जागी राहून पढ. शेवटच्या दहा रात्रींसाठी थोडी ताकद राखून ठेव. शब-ए-कद्र, ती बरकतीची रात्र, आपल्याकडे सगळे 27 वी धरतात, पण ती शोधायला सांगितलंय ते शेवटच्या दहातल्या विषम रात्रींत. तेव्हा पाचही रात्री अर्धा-अर्धा तास दिलास तरी चालेल. काय मागू असं आयशांनी विचारलं होतं, त्यांना जी दुआ सांगितली ती अगदी छोटी आहे: अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी. तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मला माफ कर.

तू माहेरच्या पद्धतीने पढायचं की सासरच्या, हेही मध्येच विचारलंयस. दोन्ही बरोबर आहेत, आणि हे नीट उलगडून सांगायला जवळचा आलिम माझ्यापेक्षा बरा. रोजच्या उपयोगाचा फरक एवढा: शाफईंत फर्ज रोज्याची नियत दर रात्री, पहाट फुटण्याआधी व्हावी लागते. हनफींत रमजानच्या रोज्याला ती सकाळी उशिरा, दुपार होण्याआधीपर्यंत चालते. नियत म्हणजे मनातला निश्चय, अरबी वाक्य पाठ नसलं तरी अडत नाही. मी रात्री उशीला डोकं टेकतानाच ठरवून टाकते. मग सहरीला जाग आली नाही तरी रोजा धोक्यात नाही, फक्त दिवस जरा लांब जातो. शाफईंची असरची वेळही आधी सुरू होते. ऑफिसातून निघण्याआधी पढायला तुला ती सोयीची पडेल.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात, त्यात हट्ट नको. आजारी आणि प्रवासी यांना नंतर दुसऱ्या दिवसांत रोजे भरायची सवलत कुरआननेच दिलीय, आणि लगेच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड नाही. साखर, रक्तदाब, गरोदरपण, अंगावरचं दूध, यात आधी डॉक्टर, मग आलिम. आमच्या ओटीवरच्या एक मावशी इन्सुलिन घेऊनही रोजे सोडत नव्हत्या. एकदा माझ्यासमोरच चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, ‘पाणी तर नाही ना पाजलंत?’ मला कौतुक वाटलं नाही, रागच आला.

आणि पाळीचे दिवस. तू लिहिलं नाहीस, पण लिहायचं होतं असं वाटतं. त्या दिवसांत रोजा नाही, नमाज नाही. रोजे नंतर कजा करायचे, म्हणजे भरून काढायचे, नमाजेची कजा नाही. आयशांनी हे स्पष्ट सांगितलंय. तरी आपल्या घरांत मुली सासऱ्या-दिरांसमोर रोजेदार असल्याचं नाटक करतात. फ्रिजच्या आडोशाला उभ्याने पोळीचा तुकडा गिळतात, संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूरही उचलतात. दिखाव्याबद्दल विचारतेस ना, घराने बायकांना शिकवलेला दिखावा तो हा. चारचौघांत मिटक्या मारत खावं असं मी म्हणत नाही, पण लपून गिळण्यात कसला धर्म आलाय? त्या दिवसांत दुआ कर, जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, कर, मुसल्याच्या वेळी पाच मिनिटं तिथेच बस. सुटलेल्या रोज्यांचा आकडा वहीत लिही आणि डिसेंबरच्या आखूड दिवसांत भरून टाक.

आतापर्यंतचं सांगायचं तर, अंग सावकाश कर, फातिहाचा अर्थ धर, दुआ आपल्या भाषेत माग, आणि गॅस दहा मिनिटं आधी बंद कर. राहिली जीभ.

खोटं बोलणं आणि खोटं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याने खाणं-पिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, असं हदीसच्या बुखारी या संग्रहात आलंय. माझी गोष्ट सांगते. विसावा-एकविसावा रोजा असेल. सकाळी अकराला दारात मासेवाली आली. वीस रुपयांवरून मी तिच्याशी असा काही वाद घातला की शेजारीण बाहेर आली. तू दरवेळी फसवतेस, इथवर बोलले. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता शांतपणे म्हणाली, ‘बाय, तुजा रोजा हाय ना?’ कुणी भांडायला आलं तर ‘मी रोजेदार आहे’ म्हणायला आपल्याला शिकवलंय. इथे भांडायला मी गेले होते, आणि आठवण तिने करून दिली. तो रोजा फिक्हच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, हिशेबाने झाला, कजा नाही. पण त्या दिवशीची जुहर मला आजही आठवते. मन लागावं म्हणून काही करावं लागलं नाही, शरमेनेच लागलं. दुसऱ्या दिवशी तिला हाक मारून माफी मागितली आणि वीस रुपये दिले. ती म्हणाली, बांगडे ताजे आहेत, घे.

तुझ्या ऑफिसात ‘पाणीसुद्धा नाही?’ असं विचारणारे भेटत असतील. मला एसटीत भेटतात. चिडू नकोस. त्यांच्यातलीच कुणी निर्जळी एकादशी करणारी निघते आणि मग दोघींच्या गप्पा रंगतात.

शेवटी तू विचारलंयस की गॅस, फळं कापणं, थकवा हे सगळं सासूबाईंशी बोलू का, त्यांना वाईट तर वाटणार नाही ना. बोल. पण असर ते मगरिबच्या मध्ये नको, तेव्हा कुणाचंच डोकं जागेवर नसतं. इफ्तार होऊन, मगरिब पढून, चहाचा पहिला कप पोटात गेला की बोल. आणि त्यांना हेही विचार की त्या दुआत काय मागतात. त्यांना आजवर कुणी विचारलं नसेल.